काजलच्या बाबाची टिटवी

आमच्या काजलचे बाबा म्हणजे पवनारचे नत्थूजी, वांगेवाले. पायात काटा मोडला तरी बायकोले सांगणार नाई, असा जिद्दी माणूस. चाळीस वर्षं संसार केला, म्हणून बोलाचा हक्क हाय मले.

काजल एकुलती एक. शिष्यवृत्तीवर शिकली अन् विमान चालवाले लागली. विमान लहानच, दोन पंख्यांचं, पन्नास माणसांचं. नाव टिटवी. सकाळी नागपुरातून निघते अन् आमच्या वावरावरून नांदेडले जाते. टिटवी गेली का यांनी वांग्याचा तोडा थांबवाचा, पोतं बांधाचं अन् वर्ध्याची बस धराची, असं ठरलेलं. आधी मात्र वर पाहून दुपट्टा हलवाचा. संध्याकाळी पोरगी फोनवर विचारे, "बाबा, दिसलो का आम्ही?" हे म्हणत, "दिसली ना माय, चांगली चमकली."

मागच्या पोळ्यानंतरची गोष्ट. शेजारच्या बापूरावच्या कपाशीवर फवारणीचा ड्रोन फिरून राह्यला होता, माणसाच्या डोक्यावर दोन हात, एवढाच उंच. अन् हे बांधावर उभे राहून त्याले दुपट्टा हलवून राह्यले. तोंडावर कोण आनंद. बापूराव ओरडला, "नत्थूजी, बाजूले व्हा, औषध उडते." मले आधी हसूच आलं. मंग ध्यानात आलं. एवढ्या जवळचा ड्रोन ज्याले विमान वाटते, त्याले दिसते तरी काय?

घरी येताच धरलं मी यांना. "काऊन लपवलं?"

"दोन वर्षं झाले," म्हणाले. "डॉक्टर म्हणते, गेलेली नजर येत नाई."

"अन् वांगे कसे तोडता?"

"वांगं हाताले समजते व, टिटवी कानाले. पोरीले सांगू नको. नोकरी सोडून येईन अन् माह्या उशाशी बसन."

लय रागावली मी, लय रडली. पण ऐकलं नाई यांचं. दुपारी यांचा डोळा लागला तवा फोन केला. डॉक्टर काय म्हणते ते काजलनं विचारलं. मंग म्हणे, "आई, मी येऊन राह्यली."

दुसऱ्या दिवशी बसमधून उतरली ते गणवेशातच. आजवर गावात कधी तो घालून आली नव्हती, लाजे. बाबा खाटेवर बसलेले. पावलं ओळखली अन् माह्याकडे तोंड करून म्हणाले, "सांगितलंच ना तू." मंग पोरीले म्हणाले, "नोकरी सोडशीन तर या घरात पाणी पिणार नाई मी."

काजल बाजूले बसली अन् त्यांचा हात आपल्या खांद्यावर ठेवला. तिथल्या सोनेरी पट्ट्यांवर यांनी हळूच बोटं फिरवली, वांग्यावर फिरवतात तशीच.

"दोन हाय," म्हणाले.

"हो बाबा. तिसरी पुढच्या वर्षी."

"त्यासाठी लय उडा लागत असन."

"लय."

"मंग इथं काऊन बसली?" असं म्हणाले, पण हात काही खांद्यावरून काढला नाई. "सकाळची बस धर. तिसरी लागली का येजो. मले पाहाची हाय."