तात्यांच्या फळीवरचे बिल्ले

बारामतीच्या दवाखान्यात न्यायला गाडी दारात उभी होती आणि तात्या उंबऱ्यातच अडून राहिले होते. धाप लागलेली, एक हात माझ्या खांद्यावर आणि दुसरा दाराशेजारच्या लाकडी फळीकडे. "थांब जरा... बिल्ला." मी म्हटलं, "तात्या, राहू द्या आता. मी लावते मागनं." तर म्हणाले, "मागनं म्हंजी कवा? मानूस भाईर आन् बिल्ला आत, असं चालत न्हाय." त्यांनी आपल्या हाताने स्वतःचा बिल्ला 'आत'च्या खिळ्यावरून काढला, 'बाहेर'च्या खिळ्याला अडकवला आणि मगच ते गाडीत बसले. आठवडाही झाला नसेल. सकाळी मी दूध तापवत होते आणि दवाखान्यात थांबलेल्या माझ्या नवऱ्याचा फोन आला. त्याच्या नुसत्या "हॅलो"वरूनच मी गॅस बंद केला.

तात्या, माझे वडील, साखर कारखान्यात फिटर होते. निम्मी नोकरी त्यांनी हंगामी म्हणून केली. बॉयलर पेटला की कामावर आणि उसाचं गाळप संपलं की शेळगावला घरी. पुढे पर्मनंट झाले, तेव्हा आमच्या गल्लीत लग्नघरासारखी गर्दी झाली होती. आमच्याकडे 'पर्मनंट' या शब्दाला काय वजन आहे, ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. मुलगा बघायला आलेले लोकसुद्धा मुलाचं नाव नंतर विचारतात, आधी 'पर्मनंट हाय का?' कारखान्याच्या गेटवर प्रत्येक कामगाराचा पितळी बिल्ला असायचा. आत गेला की एका बाजूला, बाहेर पडला की दुसऱ्या बाजूला. तात्यांनी तसलीच फळी घरी केली. पत्रा कापून, रंगवून सगळ्यांच्या नावांचे बिल्ले बनवले. मी शाळेत निघाले तरी बिल्ला हलवायचा! आई वैतागायची, "ह्यो काय कारखाना हाय का?" आई गेली तेव्हा तिचा बिल्ला 'आत'च होता. तात्यांनी तो तसाच ठेवला. म्हणाले, "ती कुटं जातीया?"

माझं लग्न झालं, मी बारामतीला आले. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी गेले तर माझा बिल्ला 'बाहेर'च्या रांगेत झुलतोय. आत्या हसत म्हणाली, "तात्या, पोरगी दिली की लोकाच्या घरी. आता कशाला तिचा बिल्ला?" तात्या म्हणाले, "कारखान्यात नाव कमी केल्यावर बिल्ला काढत्यात. हिचं नाव कुणी कमी केलं?" त्या दिवशी सासरी जाताना मी एसटीत सारखी खिडकीबाहेर बघत होते.

माझा धाकटा भाऊ अवी डिझेल मेकॅनिक. ऊसतोडणीच्या हार्वेस्टरचं इंजिन तो आवाजावरून ओळखायचा. ऑस्ट्रेलियातल्या एका कंपनीने त्याला स्पॉन्सर केलं. व्हिसा मिळाला तो बायको रूपाली आणि लेक ओवी यांच्यासकट. तात्यांचा पहिला प्रश्न होता, "तितं काय पिकतं?" अवी म्हणाला, "ऊसच." तात्या म्हणाले, "आन् मग हितला काय कडू लागला?" अवीने व्हिसाची अट समजावली : ज्या कंपनीने बोलावलं तिच्याकडेच राबायचं, तिने पुढे शिफारस केली तर बाकीचं. तात्या ऐकून म्हणाले, "म्हंजी तोडीवाल्यानं मुकादमाची उचल घेतल्यावाणीच की रं, फिटंस्तवर हलायचं न्हाय." पण अडवलं नाही. ती तिघं निघाली त्या दिवशी तीन बिल्ले एका रांगेत 'बाहेर' गेले. ओवीचा बिल्ला तात्यांनी तिलाच उचलून घेऊन तिच्या हाताने अडकवला.

तिकडचा हंगाम आपल्या उलटा. आपला बॉयलर पेटतो तेव्हा त्यांचा विझत आलेला असतो. तात्यांना हे फार आवडलं होतं. त्यांचा हिशेब सरळ होता : त्याचा बंद हंगाम आला की पोरगा घरी. पण अवी हंगाम संपल्यावर यंत्रांच्या दुरुस्तीत अडकायचा, रजा मिळायची नाही. आणि मग एके दिवशी फोन आला, "तात्या, पर्मनंट झालो!" तात्यांनी पुढचं काही ऐकलंच नसावं. शेळगावच्या स्टॅंडवर पेढे वाटले, कारखान्यातल्या जुन्या सोबत्यांना वाटले, ओळख नसलेल्या एसटीच्या कंडक्टरलाही दिला म्हणे. मला फोनवर सांगत होते, "सुमे, पर्मनंट मानसाला भरपगारी रजा असती. आता दर दिवाळीला येतंय बघ त्ये."

मी शनिवारी शेळगावला गेले. तात्यांना खरं काय ते कुणीतरी सांगायला हवं होतं आणि अवीच्याने ते होत नव्हतं. तात्या अंगणात पाण्याच्या मोटरीचं झाकण उघडून बसले होते. मी म्हटलं, "तात्या, अवी नोकरीत पर्मनंट झाला असं नाही. ते तिघं त्या देशात पर्मनंट झाले. कायमचे राहणार आता तिकडं." त्यांच्या हातातला पाना थांबला. मोटरीकडे बघतच ते म्हणाले, "मी पर्मनंट झालो तवा तुजी आई काय म्हनली व्हती, ठावं हाय? म्हनली, हंगामी व्हता तवा गाळप संपल्यावर तरी घरी दिसायचा. आता पर्मनंट झाला, म्हंजी हातचा गेला." पाना खाली ठेवत म्हणाले, "मी हसलो व्हतो तवा तिला." मला रडू आलं. तर माझ्यावरच खेकसले, "रडतीस काय? पेढं काय परत मागाया जायाचं का लोकांकडनं?"

संध्याकाळी ते फळीपाशी गेले आणि त्यांनी अवीचा, रूपालीचा, ओवीचा असे तिन्ही बिल्ले काढून घेतले. तात्यांनी बिल्ले ओट्यावर ठेवले, पॉलिश पेपरने गंज घासला, रंगाचा डबा आणून नावं पुन्हा गिरवली. वाळल्यावर तिन्ही परत लावले, 'बाहेर'च्याच खिळ्यांना. "भाईर हायत," ते म्हणाले, "नाव कुटं कमी झालंय?"

तात्या गेल्याचं कळून अवी पोचला तोवर सावडणंही उरकलं होतं. बॅग खांद्यावर तशीच ठेवून त्याने सवयीने फळीकडे हात नेला, आपला बिल्ला 'आत' लावला आणि तिथेच थांबला. तात्यांचा बिल्ला 'बाहेर' होता. आम्हा कुणाचं तिकडे लक्षच गेलं नव्हतं. "ताई, तात्या भाईरच राह्यलं गं," म्हणाला आणि मग जो रडला तो... इतका मोठा माणूस, दाराला धरून. सावरल्यावर त्याने तात्यांचा बिल्ला काढला, शर्टाला पुसला आणि 'आत'च्या रांगेत आईशेजारी लावला. दहाव्याला आम्ही नरसिंहपूरला संगमावर गेलो, तेव्हा पुष्कळांनी त्याला विचारलं, आता कायमचा परत येणार का म्हणून. त्याने कुणाला खोटं सांगितलं नाही. तेरावा झाल्यावर तो निघाला. स्वतःचा बिल्ला स्वतःच 'बाहेर' नेला आणि "येतो" म्हणाला.

घराची किल्ली आता माझ्याकडे असते. शनिवारी मी शेळगावला जाते, खिडक्या उघडते, अंगण झाडते, झाडांना पाणी घालते. पण त्याआधी दारात थांबून माझा बिल्ला 'आत', आई-तात्यांच्या रांगेत लावते. घरात तेवढा वेळ आम्ही तिघं असतो.