मदत वसूल

हे बघा, तुम्ही विषय काढलात आणि चहा हातात आहे म्हणून सांगतो, नाहीतर ही गोष्ट मी तोंडातून काढत नाही. आणि मध्येमध्ये हसायचं नाही. ज्याला हसायचंय त्याने आत्ताच हसून घ्या, मी थांबतो. झालं? हं.

गाढवपणा माणूस घाईत करतो, असा आपला एक समज असतो. साफ चूक! मी केला तो महिनाभर अभ्यास करून, चौकशा करून, तुलना करून. घाईत केला असता तर कदाचित वाचलो असतो.

झालं काय, मी रिटायर झालो आणि गाडीसाठी रोडसाइड असिस्टन्स घ्यायचं ठरवलं. म्हणजे वर्षाची वर्गणी भरायची, आणि गाडी रस्त्यात बंद पडली की फोन लावायचा. कंपनीचा माणूस येतो, गाडी चालू करून देतो, नाहीच झाली तर उचलून गॅरेजला नेतो.

आता आमची गाडी जाते कुठे? सहकारनगरहून सारसबागेच्या गणपतीपर्यंत, तीही अंगारकीला नाही, कारण गर्दी असते. बाकी सगळा वेळ ती पार्किंगमध्ये कव्हर पांघरून पडलेली. ते कव्हर मात्र मी रोज झटकतो हं!

तर अशा गाडीसाठी मी चार कंपन्यांना फोन करकरून पिडलं.

"लेहला गाडी बंद पडली तर किती वेळात याल?"

"सर, आपण लेहला निघालाय का?"

"नाही निघालो. पण पडली तर?"

शेवटी दोन प्लॅन उरले. एकात घरची सेवा होती, म्हणजे गाडी तुमच्या दारात रुसली तरी माणूस येणार. दुसऱ्यात ती नव्हती, पण काश्मीर ते कन्याकुमारी कुठेही मदत, शिवाय परगावी अडकलात तर रात्रीचं हॉटेल फुकट! मी तो दुसरा घेतला. का? तर हॉटेल. मनातल्या मनात मी गोव्याला गाडी बंदसुद्धा पाडून ठेवली होती.

दिवाळीच्या फराळाला आमचे साडू आले होते. अविनाशराव, बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. धायरीला राहतात. बोलताबोलता कळलं की त्यांनी घरच्या सेवेचा प्लॅन घेतलाय. झालं! मी चकली हातात धरून सगळ्या पाहुण्यांसमोर त्यांची शिकवणीच घेतली.

"अहो अविनाशराव, घरासमोर गाडी बंद पडली तर मदत कशाला हवी? घर आहेच की! वर जायचं, चहा प्यायचा!"

काय हसले सगळे! अविनाशरावही हसले. म्हणाले, "असं म्हणता? बरं." हा माणूस वाद घालत नाही. त्याच्याबद्दल माझा तोच तर मुख्य आक्षेप आहे.

आता नीलिमाचं ऐका. नीलिमा म्हणजे माझी बायको. हडपसरच्या पुढे मांजरी गाव आहे, तिथल्या शाळेत तिची सगळी नोकरी गेली. रोज दोन बस बदलून जायची. ती निवृत्त झाली, आणि परवाच्या वर्षी तिच्या जुन्या विद्यार्थ्यांनी त्याच शाळेत तिचा सत्कार ठरवला. घरी येऊन आमंत्रण देऊन गेले, मी तेव्हा नेमका खाली कव्हर झटकत होतो. म्हणाले, "बाई, सरांना घेऊनच यायचं. सत्कार जोडीने करायचाय."

ते गेल्यावर ही मला म्हणाली, "इतकी वर्षं शाळेच्या फाटकाशी बसमधून उतरले. एकदा आपल्या गाडीतून उतरायचंय. तुम्ही चालवत असताना."

बायकोने आयुष्यात मला मागितलेली ही पहिली गोष्ट असेल. मी म्हटलं, "एवढंच ना?"

आदल्या दिवशी मी गाडी धुतली. पुसली. आतून अत्तराचा बोळा फिरवला. चालू करून बघितली का? नाही बघितली. मग हसू नका म्हटलं ना!

सत्कार अकराचा. सकाळी पैठणी नेसून, गजरा माळून ही खाली आली. मी रुबाबात किल्ली फिरवली. टक्. परत फिरवली. टक्. महिनोन्महिने उभी राहून बॅटरी झोपली होती.

पण मी घाबरलो? छे! मला तर आतून उकळ्याच फुटल्या. वर्गणी भरून वर्ष होत आलं होतं आणि एकदाही मदत घ्यायचा योग आला नव्हता. पुढच्या महिन्यात मुदत संपणार. म्हटलं, चला, वसूल!

लावला फोन.

"सर, गाडी आत्ता कुठे आहे?"

"पार्किंगमध्ये."

"कुठल्या पार्किंगमध्ये, सर?"

"आमच्या."

"म्हणजे घरी?" पलीकडे त्या मुलीने काहीतरी टकटक टाइप केलं. "सर, आपल्या प्लॅनमध्ये घरची सेवा नाही. गाडी घरापासून दोन किलोमीटर पुढे असेल तर लगेच माणूस पाठवते."

"अहो, ती चालूच होत नाहीये, तर दोन किलोमीटर जाईल कशी?"

"सर, घरची सेवा नको असं आपण स्वतः सांगितलं होतं. आमच्याकडे रेकॉर्डिंग आहे."

असणारच. प्लॅन घेताना मी त्यांना पाऊण तास समजावून सांगितलं होतं की पुण्यात कुठलाही शहाणा माणूस ते घेणार नाही.

नीलिमा म्हणाली, "रिक्षा बोलवा."

"रिक्षा? तुला आपल्या गाडीतून उतरायचंय ना?"

"उतरायचं होतं. पण सत्कार गाडीचा नाहीये."

"नीलिमा, हा तत्त्वाचा प्रश्न आहे. वर्गणी भरलीय आपण!"

तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि बहिणीला फोन लावला. ती दोघंही कार्यक्रमालाच निघाली होती, गाडी वळवून आमच्याकडे आली. अविनाशरावांनी काच खाली केली.

"काय झालं श्रीपादराव? बॅटरी? माझ्याकडे वायरी आहेत, जोडून देतो."

आता तुम्हीच सांगा, दिवाळीत ज्याला शहाणपण शिकवलं, त्याच्या वायरीने गाडी चालू करू?

मी म्हटलं, "नको. कंपनीच्या माणसाशिवाय कोणी हात लावायचा नाही."

"मग बसा मागे, सगळेच जाऊ."

मागे! माझ्याच बायकोच्या सत्काराला, साडूच्या गाडीत, मागे!

"नको नको. तुम्ही व्हा पुढे. मी थांबतो गाडीजवळ. तुमच्या आधी पोचतो की नाही बघा!"

अविनाशरावांनी गाडीकडे बघितलं, जिन्याकडे बघितलं, आणि अगदी शांतपणे म्हणाले, "घर आहेच म्हणा. वर जाऊन चहा प्या."

माणसाने इतके महिने एखादं वाक्य जपून ठेवावं? असो.

नीलिमा खिडकीतून म्हणाली, "अकराला स्टेजवर बोलावणार आहेत. याल ना हो?"

"येतो म्हणजे काय! हा आलोच!"

मग मी आमच्या वॉचमनला, काळेमामांना, गाठलं. म्हटलं, गाडी दोन किलोमीटर ढकलायची आहे. त्यांना वाटलं मी थट्टा करतोय. पण आमची सोसायटी उतारावर. तळजई टेकडीवरून फिरून परतणारे चारपाच जण थांबले. धक्का एकाने मारला, बाकीच्यांनी सूचना दिल्या. गाडी फाटकातून निघाली आणि उताराला लागली. काळेमामा धावत येऊन शेजारी बसले.

"साहेब, सेकंड टाका, क्लच सोडा!"

टाकला. सोडला. गाडीने एक हिसका दिला, खोकली, आणि चालू झाली!

हो! चालू झाली! फर्स्टक्लास, घुर्रर्र करत! घड्याळात दहाला दहा कमी. इथून मांजरी, रस्ता मोकळा. अकराच्या आत आरामात पोचलो असतो. बायको फाटकाशी नाही, तर निदान मी तरी वेळेत उतरलो असतो.

मी काय केलं?

मी गाडी स्वारगेटच्या अलीकडे नेली, दोन किलोमीटर झाल्याची खात्री केली, कडेला घेतली आणि बंद केली.

काळेमामा माझ्याकडे बघतच राहिले. "साहेब, चालू होती की हो! तशीच घ्यायची ना मांजरीला!"

"मामा, चालू गाडीला मदत कोण करणार?"

यावर मामांनी कपाळाला हात लावला. तुम्हीही लावलाय, दिसतंय मला. ड्यूटी आहे म्हणून ते चालत परत गेले. मी कंपनीला फोन केला. लोकेशन पास झालं! "सर, अर्ध्या तासात माणूस येतोय." इतका आनंद मला पेन्शन मंजूर झाली तेव्हाही झाला नव्हता.

अर्धा तास गेला. पुन्हा फोन केला. "सर, पाच मिनिटांत." परत पाच मिनिटांत. पुण्यात पाच मिनिटं म्हणजे काय, ते तुम्हाला मी सांगायला नको. अकरा वाजत आले. किल्ली फिरवून बघितली. टक्.

आणि तेवढ्यात, अहाहा, समोरून क्रेन आली! माझ्या गाडीपाशीच थांबली. मागून दोन माणसं उतरली. मी अक्षरशः हात पसरून पुढे झालो.

"या या या! किती उशीर! कधीपासून वाट बघतोय!"

ते दोघं एकमेकांकडे बघायला लागले. त्यांच्या धंद्यात त्यांना असं कोणी कधी म्हटलं नसणार. मीच त्यांना पट्टा कुठे लावायचा ते दाखवलं. "बंपर जपा हं! हँडब्रेक काढलाय मी!" गाडी उचलली गेली, तेव्हा मी टाळी वाजवली. वाजवली हो, खोटं कशाला सांगू?

मग क्रेनच्या पुढच्या दारातून ट्रॅफिक हवालदार उतरले.

"काका, नो पार्किंगमध्ये लावलीय. बोर्ड दिसला नाही?"

बोर्ड माझ्या डोक्यावरच होता. इतका वेळ मी त्याच्याचखाली उभा होतो.

"अहो साहेब, पण गाडी बंद आहे! मी मदतीची वाट बघतोय! मघाशी चालू होती, मीच बंद केली..."

"तुम्हीच बंद केली?"

"म्हणजे दोन किलोमीटर व्हायला हवेत ना..."

हवालदारांनी मला उन्हातून सावलीत घेतलं आणि विचारलं, "काका, घरी कोणी आहे का?"

क्रेन गाडी घेऊन गेली. तेवढ्यात फोन वाजला. कंपनी!

"सर, आमचा माणूस पोचलाय, पण गाडी दिसत नाही."

"गाडी उचलून नेली."

"कोणी, सर?"

"क्रेनने."

"अच्छा. मग सर, आपली अडचण दूर झाली अशी नोंद करू?"

मी रिक्षा केली. हो, रिक्षाच. सकाळी जी करायची होती तीच. हडपसरच्या गर्दीत नाक मुठीत धरून बसलो आणि देवाला म्हणत होतो, आज एक दिवस तरी कार्यक्रम उशिरा सुरू होऊ दे. पुण्यात एरवी काय वेळेवर सुरू होतं हो? पण तिचे विद्यार्थी ते! बाईंनीच वळण लावलेलं. अकरा म्हणजे अकरा.

शाळेच्या हॉलच्या दाराशी पोचलो तर आत टाळ्यांचा कडकडाट. टाचा उंचावून बघितलं. स्टेजवर दोन सजवलेल्या खुर्च्या. एकीवर नीलिमा. इतकी सुंदर दिसत होती, खरं सांगतो! आणि दुसऱ्या खुर्चीवर फेटा बांधून, शाल पांघरून, नारळ हातात घेऊन बसलेले, अविनाशराव!

नंतर मेहुणीने सगळं सांगितलं. "भाऊजी, 'सरांनी मंचावर यावं' असं तीनदा पुकारलं. ताई ज्यांच्या गाडीतून उतरली तेच सर, असं पोरांनी धरलं. हे ओरडत होते, 'अहो मी नव्हे, मी नव्हे!' पोरं म्हणाली, 'सर लाजतायत,' आणि उचलूनच नेलं की हो! ताई एकदा दाराकडे बघायची, एकदा घड्याळाकडे. मग म्हणाली, 'बसा अविनाशराव, खुर्ची रिकामी वाईट दिसते.'"

त्या रिकाम्या खुर्चीचं वाक्य अजून माझ्या काळजात रुतून बसलंय. साडू माझ्या जागी बसला याचं मला दुःख नाही. म्हणजे आहे, पण ती दाराकडे बघत होती, तेव्हा मी क्रेनवाल्यांना पट्टा लावायला शिकवत होतो, हे सहन होत नाही.

घरी येताना मी म्हटलं, "नीलिमा, चुकलंच माझं."

ती म्हणाली, "गाडी मिळाली का?" बस. ना राग, ना रडणं. भांडली असती तर किती बरं झालं असतं!

पुढच्या आठवड्यात विद्यार्थी फोटोची मोठी फ्रेम घेऊन आले. खाली सोनेरी अक्षरांत, 'सौ. नीलिमाताई व श्री. श्रीपादराव'. नाव माझं, तोंड साडूचं! मी म्हटलं, ही कपाटात ठेवू. ती म्हणाली, "का? नाव तर तुमचंच आहे." आणि हॉलमध्ये दारासमोरच लावली. रोज तिच्यावरची धूळ मीच झटकतो. आता गाडीच्या कव्हरनंतर तेवढंच काम आहे मला.

परवा समोरच्या फ्लॅटमध्ये नवीन बिऱ्हाड आलं. त्या बाई ओळख करून घ्यायला आल्या. मी कोपऱ्यात पेपर वाचत होतो. त्यांनी फोटो बघितला.

"अय्या, किती छान! हे तुमचे मिस्टर का?"

"नाव वाचा ना खाली," नीलिमा म्हणाली.

"श्रीपादराव. वा!" मग त्यांची नजर माझ्याकडे वळली. आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "आणि हे कोण?"

नीलिमाने वळूनसुद्धा बघितलं नाही.

"हे होय? हे गाडीजवळ थांबतात."