ओट्यावरचे भंते

आमच्या वस्तीतली पहिली बी.ए. मी. हे मी सांगते, लपवत नाही. आईबाबा दोघंही आता नाहीत. खोली माझ्या नावावर आहे, राहनाळच्या एका गोडाऊनमध्ये माल आत-बाहेर लिहायची नोकरी आहे, आणि पावसाळ्यात विहारातलं ग्रंथवाचन माझ्याकडे असतं. आषाढ पौर्णिमा ते आश्विन पौर्णिमा, वर्षावासाचे तीन महिने. ड्युटीवरून यायचं, हातपाय धुवायचे, पांढरी साडी नेसायची आणि वाचायला बसायचं. एकट्या बाईची संध्याकाळी कुणीतरी वाट बघतं, ही काय लहान गोष्ट नव्हे.

या वर्षी वाचन सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते. आत्या पावसात धावत माझ्याकडे आली. माझी सख्खी आत्या नव्हे, सगळी वस्तीच तिला आत्या म्हणते.

"अगो, भंते आलेत! ओट्यावर बसलेत, पार भिजलेत. कमिटीला पत्ता न्हाय!"

जाऊन बघते तर विहाराच्या ओट्यावर खरंच एक म्हातारा माणूस. डोकं चकोट केलेलं, अंगाभोवती पिवळट-तांबूस कापड गुंडाळलेलं, समोर एक भांडं. डोळे मिटलेले. मलासुद्धा शंका आली नाही. आत्याने तीनदा वाकून नमस्कार केला. तो दचकून उठला आणि उलट तिलाच वाकला.

"बघितलंस?" आत्या माझ्या कानाशी म्हणाली. "केवढी नम्रता! नायतर आपले कमिटीवाले."

मग ताटं सुरू झाली. आज कुणाकडची भाजी-भाकरी, उद्या कुणाकडचा वरणभात, एकीने तर खीर आणली. भंतेंना भोजनदान द्यायची संधी रोज थोडीच मिळते! तो खाली मान घालून जेवायचा, भांडं धुऊन पालथं ठेवायचा आणि माझं वाचन दाराबाहेर बसून ऐकायचा. बोलत नव्हता. मौन असेल, असं लोकांनीच ठरवून टाकलं. आणि भंतेंना नाव-गाव कोण विचारतं?

मग आत्याच्या नातवाला ताप आला. ती ताट घेऊन गेली आणि हात जोडून म्हणाली, "भंतेजी, दोन गाथा म्हना. पोर तापलंय."

तो गडबडला. "अम्मा, हमको ये नहीं आता. हम तो लूम चलाते थे."

"लूम?"

"हाँ. सेठ ने कारखाना बेच दिया न."

मग त्याने स्वतःहून नाव सांगितलं, उत्तरेतलं आपलं गावही सांगितलं. मुसलमानी नाव ऐकलं आणि आत्याचा ताट पुढे करणारा हात तिथेच राहिला. नंतर ती ताट घेऊन तशीच मागे फिरली.

मी वाचनासाठी आले होते, सगळं ऐकलं. मी थांबले, विचारलं. तरुणपणापासून तो भिवंडीत होता. खोली अशी कधी घेतलीच नाही. दिवसाची शिफ्ट संपली की कारखान्यातच कापडाच्या ताग्यांवर पाठ टेकायची. लूम भंगारात गेले, जागेवर गोडाऊन उभं राहतंय, त्याबरोबर झोपायची जागाही गेली. डोक्यात फोड आले म्हणून न्हाव्याने केस उतरवले. अंगावरचं कापड म्हणजे डाईंगमध्ये रंग फसलेला तुकडा. इथे गोरगरिबांना जेवू घालतात, असं त्याला वाटलं होतं.

वाटलं होतं ते चूक कुठे होतं?

कमिटीची मीटिंग लागली. आमच्या वस्तीत पार्टी फुटल्यापासून दोन गट आहेत. जयंतीला दोन मिरवणुका, दोन डीजे, दोन बॅनर. विहाराचा पत्रा गळतो, तो कोणी बदलायचा यावर अजून भांडण मिटलेलं नाही. त्यात निवडणूक तोंडावर. पण त्या दिवशी दोन्ही गट एका सतरंजीवर बसले आणि पहिल्यांदाच एकमेकांच्या बोलण्याला माना डोलवत होते.

"उद्या कोणी फोटो काढून टाकला, यांच्या विहारात कोण राहतंय बघा, तर?" एका गटाचे अध्यक्ष म्हणाले. माझ्या वडिलांच्या वयाचे, त्यांना आम्ही काका म्हणतो.

"आज एक, उद्या दहा येतील," दुसऱ्या गटाचा पुढारी म्हणाला. "ओट्याच्या ग्रिलला कुलूप लावू. वाचनापुरतं उघडायचं."

मी म्हणाले, "काका, वर्षावास कशाला म्हणतात?"

"आता परीक्षा घेणार काय आमची?"

"पावसात भटकू नये म्हणून भिक्खू एका जागी राहायचे, त्याला वर्षावास म्हणतात. आणि विहार म्हणजे त्यांची राहायची जागा. भिक्खू म्हणजे तरी कोण? घर सोडलेला माणूस, हातात भिक्षापात्र. या माणसाचं घर सुटलंय. भांडं त्याच्याकडेही आहे."

"अगं, त्यांनी धम्मासाठी सोडलं."

"आणि याचं काढून घेतलं. मग याला आधी जागा द्यायची की नंतर? आपली माणसं गावकुसाबाहेर कुणी ठेवली होती, ते आपण दर वर्षी भाषणात सांगतो. मग हा ग्रिल कुणासाठी?"

"ग्रॅज्युएट झालीस म्हणून धम्म तुलाच कळला, होय?" पुढारी म्हणाला. "एवढा पुळका आहे तर घरी ने की त्याला."

हशा पिकला. मी एकटी राहते हे सगळ्यांना ठाऊक. बायका हसल्या नाहीत, पण त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही.

कुलूप लागलं. तो आपलं भांडं उचलून निघून गेला. मी सांगून टाकलं, कुलपाआड मी वाचणार नाही. मला वाटलं होतं, दोन दिवसांत बोलावतील. कुणीतरी मोबाईलवर वाचनाचं रेकॉर्डिंग शोधलं आणि स्पीकरला जोडलं. आवाज खणखणीत आहे, पुरुषाचा. माझ्या खोलीत स्वच्छ ऐकू येतो.

त्या म्हाताऱ्याला मी आता चाचा म्हणत होते. ते मला नाक्यावरच्या उड्डाणपुलाखाली सापडले. पुठ्ठ्यावर बसले होते. मी वाटेत शब्द जुळवत गेले होते, पण तेच हसले.

"बेटी, तीन-चार दिन लोग हमारे पैर छूते रहे. हमको लगा हम मर-वर तो नहीं गए! ज़िंदा थे तब तो किसी ने नहीं छुए."

मी म्हणाले, परत चला, मी भांडते.

"आप मत भांडो." मराठी शब्द त्यांनी मुद्दाम वापरला. मग म्हणाले, "वो अम्मा बुलाए तो आएँगे. थाली वही ले के गई थी न वापस."

मी तशीच आत्याकडे गेले. ती तांदूळ निवडत होती. ऐकून घेतलं, सुपावरची नजर काढली नाही.

"मी बोलवीन गो. पन एक पोरगा या पार्टीत, एक त्या पार्टीत. ह्या एकाच गोष्टीवर दोघं एक झालेत, नायतर घरात ताट फेकतात. मी बोलले तर दोघं माझ्यावर येतील."

"मग?"

ती उठली, डबा भरला, वर फडकं बांधलं. "ह्यो दे त्याला. माझं नाव सांगू नको."

तेव्हापासून वाचनाच्या वेळेला मी डबा घेऊन पुलाखाली जाते. वस्तीत माझ्याशी भांडण कुणी काढत नाही. नळावर जागा देतात, गप्पा तेवढ्या थांबतात. पार्टीवाल्यांना मी अलीकडची नाही, पलीकडचीही नाही. पूर्वी दोन्हीकडून मतदानाचं सांगायला यायचे. या वेळी कुणी दार वाजवलं नाही.

चाचा डबा हातात घ्यायच्या आधी विचारायचे, "बुलाया?"

"खाना भेजा है," मी म्हणायचे. तिचं नाव मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. आत्याला वाईट वाटलं तर वाटो.

ते बाजूला सरकून पुठ्ठ्यावर मला जागा करायचे. वरून ट्रक जात असतात, बोललेलं धड ऐकू येत नाही.

परवा त्यांनी विचारलं नाही. डबा घेतला, उघडला, जेवले. काल पण नाही विचारलं. मला वाटलं होतं, रोजच्या प्रश्नातून सुटले तर बरं वाटेल. तसं झालं नाही. रिकामा डबा घेऊन मी सरळ आत्याच्या दारात गेले. दोन्ही मुलं आत जेवत होती, टीव्ही लावलेला.

"जेवला का त्यो?" तिने हळूच विचारलं.

"जेवले. पण आता विचारत नाहीत."

तिला कळलं. डबा घेताना तिने आत बघितलं, मग माझ्याकडे.

"आश्विन पुनवेला अजून वेळ हाय, तवर बघू," ती म्हणाली.

"तोवर पाऊस पण आहे, आत्या," मी म्हणाले, आणि तिथेच उभी राहिले.