दीडची सुट्टी

मला माझ्या आवाजाचा माज होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी मला बिचारी समजू नये. बाजारात तोंड उघडलं की भाजीवाला मान वर करून विचारायचा, रेडिओवरच्या ताई काय? मग मी उगाच दोन वाक्यं जास्त बोलायची. नवरा म्हणायचा, कोथिंबिरीची जुडी घ्यायला एवढं निवेदन लागत नाही.

धाराशिवातल्या एका छोट्या खासगी रेडिओ केंद्रावर मी दुपारी बारा ते दीड फर्माइशीचा कार्यक्रम करायची. संध्याकाळी त्याच मालकाच्या केबल वाहिनीवर जिल्ह्याच्या बातम्या वाचायची. लोक फोनवर आपला आवाज रेकॉर्ड करून पाठवायचे. ते निरोप आधी ऐकायचे, खोकला, कुत्र्याचं भुंकणं, घरातली भांडणं कापून टाकायची आणि उरलेलं गाण्याआधी लावायचं, हे रोजचं काम. कार्यक्रमाचा शेवट ठरलेला असायचा. "हातातलं काम ठेवा, हात स्वच्छ धुवा आणि चार घास खाऊन घ्या." हे वाक्य मी स्वतः बसवलं होतं आणि मला ते फार आवडायचं.

तेरखेड्याहून एका बाईचा निरोप जवळजवळ रोज यायचा. ती तिथं फटाक्यांच्या कामाला होती. नाव सांगायची नाही, खाला म्हंजी मावशी, सगळी खालाच म्हणतात, तुमीबी म्हणा, म्हणायची. दिवाळीच्या खास कार्यक्रमासाठी आवाज गोळा करायला मी तिकडं गेले तेव्हा तिला पहिल्यांदा पाहिलं. त्या दिवसाचा माझा कार्यक्रम मी आदल्या दिवशीच रेकॉर्ड करून ठेवला होता.

माळावर एकमेकींपासून लांब लांब पत्र्याच्या शेड होत्या. आत फोन न्यायला बंदी. बांगड्यासुद्धा काढून ठेवलेल्या. बाहेर लिंबाच्या फांदीला रेडिओ अडकवलेला होता. आत आठ बाया खाली मान घालून कागदाच्या नळ्यांत फटाक्याची दारू भरत होत्या आणि त्यांचे हात कोपरापर्यंत चंदेरी झाले होते. दीड वाजला. झाडावरून माझाच आवाज आला, हातातलं काम ठेवा, आणि आठही बाया एकदम उठल्या. दाराशी बसलेला मुकादम बाजूला सरकला. रेडिओवरची ताई बोलली की जेवणाची सुट्टी, असा तिथला रिवाजच पडला होता. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. पुढं महिनाभर भेटेल त्याला मी हे सांगत सुटले.

हात धुऊन खाला माझ्याकडं आली. माइक बंद करा म्हणाली. मला वाटलं, लाजतेय.

"ताई, उन्हाळ्यात एक वाजला की पत्रा लई तापतो," ती म्हणाली. "दारूचा वासच बदलतो. मुकादम म्हणतो, रेडिओ बोलू द्या, मग उठा. तुमी आमाला जरा लवकर उठवा की."

मी हसले. तीही हसली, पण माझ्या तोंडाकडं बघत राहिली. तिच्या उजव्या हाताची करंगळी अर्धीच होती. हे मी पाहिलं, आणि परत येताना गाडीत कोणत्या बाईचा आवाज आधी लावायचा याचाच विचार करत बसले.

पण चैत्रात ऊन चढलं तशी मला तिची आठवण झाली. मी ठरलेलं वाक्य एक वाजता म्हणायला लागले. पुढचा अर्धा तास गाणी लावायची, मध्येच दोन शब्द बोलायची. कुणाला पत्ता लागला नाही. खालाच्या निरोपात त्याचा उल्लेख कधी आला नाही, फक्त फर्माईश यायची आणि शेवटी, ताई खूश राहा. तो महिनाभर मी खरोखर कुणाच्या तरी उपयोगाची होते. मला तसं मनापासून वाटत होतं.

मग आमच्या साहेबांनी बोलावलं. तुम्ही जेवा म्हटलं की लोक रेडिओ बंद करून जेवायला बसतात, त्यानंतरच्या जाहिराती भिंती ऐकतात काय? वाक्य परत दीडला न्या. घरी-दारी मी भांडखोर म्हणून प्रसिद्ध आहे. साध्या रिक्षावाल्याला सोडत नाही. पण त्या आठवड्यात मला नोकरीत कायम करायचं की नाही ते ठरणार होतं. मी हो म्हटलं. खालाचं नावसुद्धा काढलं नाही. तिला एक फोन करून सांगावं असं वाटलं होतं. आज करू, उद्या करू करत राहून गेलं.

चौथ्या दिवशी सकाळी तिचा निरोप आला. आधी गाण्याची फर्माईश. मग म्हणाली, "ताई, टाइम बदलला काय? पत्रा लई तापायलाय." मी ते दोनदा ऐकलं. दुसऱ्यांदा ऐकताना हात सवयीनं चालत होता. मी फर्माईश ठेवली आणि पुढचं सगळं कापलं. दुपारी सव्वाबाराला तिचा आवाज रेडिओवर गेला, छान, स्वच्छ, हसरा. तिनं तो ऐकला असणार. मी काय कापलं तेही तिला कळलं असणार.

त्यानंतर रोज एक वाजला की माझी नजर घड्याळाकडं जायची. एक दहा. एक वीस. दीड वाजता वाक्य म्हणून झालं की आज काही झालं नाही म्हणून मी डबा उघडायची. तिचे निरोप बंद झाले होते. असे नऊ दिवस गेले.

दहाव्या दिवशी, एक वीसला, मी कुणाच्या तरी लग्नाच्या वाढदिवसाबद्दल चेष्टा करत होते तेव्हा, तिकडं शेड पेटली. मला कळलं संध्याकाळी, बातम्यांचा कागद हातात आला तेव्हा. दोन महिला भाजल्या, एकीचे दोन्ही हात. खाली फटाक्यांच्या कारखान्याच्या मालकाचं म्हणणं दिलं होतं. रेडिओवरचा कार्यक्रम संपल्यावर जेवणाची सुट्टी होते, कार्यक्रम सुरू असल्यानं महिला आत होत्या. मी साहेबांकडं बघितलं. ते म्हणाले, दोन मिनिटं राहिली, पावडर लावून घ्या. दिवे लागले. मी वाचलं. कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली घ्यायचा, सगळं बरोबर जमलं. स्वतःची इतकी किळस मला आधी कधी आली नव्हती.

तिसऱ्या दिवशी सोलापूरला दवाखान्यात गेले. खालाच होती. दोन्ही हात कोपराच्या वरपर्यंत गुंडाळलेले. धाराशिव सोडल्यापासून मी काय काय बोलायचं ते मनात जुळवत आले होते, आणि माझ्यासारखी बोलघेवडी बाई खाटेजवळ नुसती उभी राहिली. तिनं मला आवाजाशिवाय ओळखायला थोडा वेळ घेतला.

"तुमची बातमी बघितली," ती म्हणाली. "पोरानं फोनवर दावली. लई साफ वाचलं, ताई. कुठंच अडकला न्हाईत."

तिच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. तिला खरंच चांगलं वाटलं होतं.

"पलीकडच्या शेडीत माझी सून हाय," ती पुढं म्हणाली. "तिला निरोप धाडलाय म्या. रेडिओ ऐक, पर त्याच्या भरवशावर बसून राहू नको म्हणून. तुमाला राग न्हाय ना?"

नाही म्हटलं. तिनं पाणी मागितलं. पेला मी तिच्या तोंडाला लावला आणि ती डोळे मिटून सावकाश पीत राहिली. साडेअकरा वाजले होते. बाराला केंद्रावर पोचणं आता शक्य नव्हतं, पण आजचा कार्यक्रम मी कालच रेकॉर्ड करून ठेवला होता, आणि त्यातलं वाक्य दीडलाच होतं.