अष्टमीची होडी

मी घाटावरचा. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो नोकरीवर हजर व्हायला आलो तेव्हा. स्वातंत्र्याला दहा-अकरा वर्षं झाली होती. रेवदंड्याच्या खाडीच्या दक्षिणेला, मुरुडच्या बाजूला असलेल्या एका गावातल्या प्राथमिक शाळेत मला धाडलं होतं. वय तेवीस, आणि अंगात विज्ञान आलेलं. ‘अंगात आलेलं’ हे शब्द मुद्दाम वापरतोय, कारण ते प्रकरण तसंच होतं. फक्त घुमायचो नाही.

शाळेत पहिल्याच आठवड्यात मी एक पराक्रम केला. भिंतीवरच्या खुंटीला पंचांग टांगलेलं असायचं, ते काढून कपाटात टाकलं आणि तिथे जानेवारी-फेब्रुवारीचं कॅलेंडर लावलं. मुलं वहीत तारखेऐवजी तिथी लिहायची. विचारलं तर सांगायची, आज पंचमी, आज दशमी. माझं डोकंच फिरायचं. मी नियम केला: या वर्गात तिथीचं नाव निघता कामा नये. जो काढील तो तास संपेपर्यंत उभा राहील. पोरं महिन्याभरात सुधारली. मला वाटलं, गावात उजेड पडू लागला.

सातवीच्या वर्गात कोळीवाड्यातली एक मुलगी होती. कोळीवाड्यातून सातवीपर्यंत पोचलेली ती पहिलीच. सुकट वाळत घालून शाळेत यायची, हाताला वास यायचा म्हणून बाकाच्या टोकाला बसायची, आणि गणितात मलाच अडवायची. तिचा बाप तांडेल होता, स्वतःची होडी चालवायचा. तिचं लग्न मुरुडकडच्या एका घरी ठरल्यासारखं होतं. पण मी बापाच्या मागे लागलो. पोर सातवीची फायनल परीक्षा पास झाली तर मास्तरकीच्या ट्रेनिंगला जाईल, मास्तरीण होईल, सरकारी पगार मिळवील. त्याने पंधरा दिवस विचार केला आणि मुलाकडच्यांना निरोप धाडला: पोर पास झाली तर लग्न दोन वर्षं थांबेल; नाही झाली तर येत्या वैशाखात. मुलाकडचे हो म्हणाले. म्हणजे सगळं त्या एका परीक्षेवर आलं होतं, आणि हे तिला, तिच्या बापाला आणि मला, तिघांनाही पक्कं ठाऊक होतं.

परीक्षेचं केंद्र अलिबागला. पहिला पेपर सोमवारी, अकरा वाजता, गणिताचा. नारळी-पोफळीच्या वाडीवाल्यांची तीन मुलं आदल्या दिवशीच अलिबागला नातेवाइकांकडे उतरायला गेली. हिचं तिथे कुणी नव्हतं. म्हणून ठरलं असं की सकाळी बापाने आम्हा दोघांना होडीने रेवदंड्याला सोडायचं, आणि तिथून नऊची एस.टी. पकडून चौलवरून अलिबागला जायचं. होडी आठला सोडू, असं मी सांगितलं.

तांडेल शनिवारी शाळेत आला. दारातच उभा राहिला. म्हणाला, “सोमवारी अष्टमी हाय, गुरुजी. आठला नको. पहाटेच निंगू.”

झालं. अष्टमी म्हटल्यावर माझं टाळकं सटकलं. गेली दोन वर्षं मी यांच्याच पोरांना काय शिकवत होतो? आता परीक्षेलाही मुहूर्त. मी त्याला तिथल्या तिथे चांगलं पाऊण तासाचं व्याख्यान दिलं: ग्रह, तारे, अंधश्रद्धा, रशियाने आकाशात सोडलेला उपग्रह, सगळं. शेवटी म्हणालो की पोरीची झोप मोडून मी तिला परीक्षेला नेणार नाही, आठ म्हणजे आठ. त्याने सगळं ऐकून घेतलं. डोक्याचा रुमाल काढला, परत बांधला. “गुरुजी बोलतात तर तसा,” म्हणाला आणि गेला. मुलगी मागे फळा पुसत होती. तिने वळून पाहिलं, आणि परत पुसू लागली.

सोमवारी आठला होडी निघाली. निघण्यापूर्वी त्याने पाण्यात हळद-कुंकू आणि नारळ सोडला, त्यावर मी काही बोललो नाही, तेवढं औदार्य दाखवलं. मुलीने धुतलेलं परकर-पोलकं घातलं होतं, आणि पाटी-पेन्सिलीवर वाढलेल्या त्या पोरीच्या हातात मी दिलेला शाईचा टाक होता. आमच्या बंदरापासून खाडीच्या मुख्य पाण्यापर्यंत एक चिंचोळी वाट जाते, दोन्ही बाजूंना गाळ. त्या वाटेच्या तोंडाशी होडी घसटली, थांबली. तांडेलाने वल्ह्याने रेटून पाहिलं. मग उतरून पाहिलं, तर मांडीपर्यंत रुतला. वर चढला आणि खाली मान घालून बसला.

मी विचारलं, पाणी कुठे गेलं? उत्तर बापाने नाही दिलं, पोरीने दिलं. अगदी वर्गात द्यावं तसं, उभी राहून.

“आठाची पाऊणकी सहा, गुरुजी. अष्टमीला सहाला भरती पुरी होते. तीसुद्धा भांगाची, पाणी थोडंच चढतं. सातनंतर इथून होडी जात नाय.”

पाऊणकी. पाऊण एके पाऊण, पाऊण दुणे दीड. हा पाढा मीच तिला घोकून घेतला होता. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ निघते, हे त्या किनाऱ्यावर शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईलाही येत होतं. आणि मी? चंद्राच्या आकर्षणाने भरती-ओहोटी होते हा धडा मी दर वर्षी शिकवायचो, फळ्यावर पृथ्वी आणि चंद्र काढून, बाणबिण दाखवून. समुद्र खिडकीतून दिसायचा. तिथी म्हणजे चंद्राचाच हिशेब, हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही. मला तिथीत फक्त उपास दिसायचा.

मी तिला विचारलं, शनिवारी का बोलली नाहीस? ती म्हणाली, “वर्गात तिथी बोलायची नाय ना.”

त्यात टोमणा नव्हता. ती नियम पाळत होती. मला अजून वाटतं, तिने टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

अकरा वाजले. बारा वाजले. ऊन चढलं, गाळावर खेकडे हिंडू लागले. गाळातून चालत जायचं म्हटलं तर कमरेपर्यंत रुतायचं. पोर टाक तेवढा परकराच्या ओच्यात धरून बसली होती. होडी हलली तेव्हा चार वाजून गेले होते. पहिलाच पेपर चुकला की फायनल गेली. मी अलिबागला जाऊन केंद्रावरच्या साहेबांच्या हातापाया पडलो, पण नियम तिथेही होता.

यानंतर मी पंचांगवादी झालो नाही. ग्रहणात भरलेले हंडे ओतून टाकणाऱ्यांशी मी पुढेही भांडलो, देवी टोचून घ्यायला नको म्हणून लपून बसणाऱ्यांना घरातून ओढून आणलं, आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही. पण त्या दिवसापासून भांडण्याआधी समोरचा नक्की काय म्हणतोय ते ऐकायला लागलो. एकाच शब्दात देवही असतो आणि पाण्याची उंचीही असते, आणि मी दोन्ही एकदमच कपाटात कोंबलं होतं.

चार दिवसांनी मी त्यांच्या घरी गेलो. तांडेलाला म्हटलं, चूक माझी, पोरीला आणखी एक वर्ष द्या. अष्टमीचा आणि पाण्याचा संबंध मला ठाऊकच नव्हता. तो जाळं विणत होता. हात न थांबवता म्हणाला, “तुम्ही शिकलेलं, पान्याचा बघूनच बोलत असाल वाटलं. तुम्हाला ठाव नाय, ते ठीक. पन इचारलं का नाय?”

विज्ञान शिकवणारा मी, आणि विचारलंच नव्हतं. मुलाकडच्यांना शब्द दिलेला होता, तो त्याला मोडायचा नव्हता, आणि माझ्या तोंडाने तो मोडायला सांगणं मला शक्य झालं नाही. मुलगी आतून आली. मी दिलेलं शास्त्राचं पुस्तक तिने पुसून, वर्तमानपत्राचं नवीन कव्हर घालून आणलं होतं.

“दुसऱ्या कुणा पोरीला होईल, गुरुजी,” ती म्हणाली.

मी ते घेतलं. वैशाखात तिचं लग्न झालं. कोळीवाड्यातली पुढची मुलगी सातवीत यायला आठ वर्षं गेली, आणि तोवर अभ्यासक्रम बदलून ते पुस्तक कुणालाच द्यायच्या कामाचं उरलं नव्हतं.