भीती खोडा

नाशिकच्या एका दवाखान्यात मी मेंदूचा आलेख काढतो. निफाडकडच्या एक मावशी तपासणीला आल्या होत्या, घरची द्राक्षबाग. डोक्याला तारा चिकटवताना हलू नका म्हणालो, तरी त्यांची दोन बोटं कात्रीसारखी चालतच होती. घडातले जादा मणी काढून काढून लागलेली सवय. नजर खिडकीबाहेरच्या ढगावर.

"आभाळ भरून आलं की छातीत धडधडतं," त्या म्हणाल्या.

मी फॉर्मवर लिहिलं, ढगांची भीती.

त्यांनी मान वाकडी करून वाचलं. "भीती खोडा. राग लिहा."

"मावशी, इथे आजार लिहायचा असतो."

"अवकाळीनं दोनदा बाग झोडपली. हवा बिघडवली दुसऱ्यांनी, अन् तपासायचं माझं डोकं? डोक्याला कळतंय म्हणूनच धडधडतंय. ज्यांना काहीच होत नाय, त्यांना लावा या तारा."

आलेख नॉर्मल आला. डॉक्टरांनी शांत झोपेच्या गोळ्या दिल्या.

परवा भर मार्चात पाऊस कोसळला. स्टाफरूममध्ये लगेच भजी आली, हवा काय मस्त पडलीय म्हणून. एकेकाच्या डोक्याला तारा लावाव्यात असं वाटलं. मग माझ्या हातातलं भजं दिसलं.