एमिलीच्या कॅसेटमधलं व्हायोलिन

अँथनी अंकल 'स' म्हणाले की शिट्टी वाजते. पूर्वी ते बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे. स्कूटरवरून पडून पुढचे दोन दात गेले, ट्रम्पेट सुटली, आणि वसईच्या बाजारात त्यांनी लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटचं मिक्सिंग सुरू केलं. 'सून सुखात सासरी' हे त्यांचं बोलणं मी हुबेहूब करते. मम्मी रागावते, पण तोंड पदरात लपवून.

मिक्सिंगची त्यांची पद्धत ठरलेली. नवरी माहेर सोडते तिथे मूळ आवाज बंद करायचा आणि व्हायोलिन घालायचं. कुणाचीही मुलगी असो, व्हायोलिन तेच. बायका आधी रुमाल शोधायच्या, मग टीव्हीसमोर बसायच्या.

अठ्ठ्याण्णव साली माझ्या बहिणीच्या, एमिलीच्या, कॅसेटलाही तेच लागलं. एमिली गाडीत बसता बसता थांबते, मागे बघते, ओठ हलतात. एवढंच. पण व्हायोलिनमुळे वाटे, पोरीला फरफटत नेतायत! तिच्या सासूने, रेजिना आंटीने, शेजारणी जमवून कॅसेट दाखवली. एक म्हणाली, "पोरीचं मन नव्हतं वाटतं." झालं! आठ दिवस आंटी सुनेशी बोलली नाही.

"मी पप्पांना गोळीचं विचारत होते," एमिली सांगून थकली.

शेवटी आंटी कॅसेट काखेत मारून अंकलच्या दुकानात आली. मागे एमिली, तिच्यामागे मी.

"अँथनी, ही रडते कोनासाठी?"

"रेजिनाबाय, ती कुठे रडते? व्हायोलिन रडतंय."

"मग बंद कर ते."

अंकलनी आधी गंमत म्हणून तिथे बँडची नाचाची धून लावली. तीच एमिली, तेच मागे बघणं, आणि आता वाटे, हिला कधी एकदा सासरी पळते असं झालंय!

"अगो बाय, ही तर निर्लज्ज दिसते!" आंटी म्हणाली.

"अंकल, मग खरी कुठली?" मी विचारलं.

अंकलनी खोक्यातून शूटिंगची मूळ कॅसेट काढली. रविवारच्या बाप्तिस्म्याला तिच्यावरच शूटिंग करणार होते, म्हणजे हा आवाज कायमचा गेला असता.

कॅसेट लागली. संगीत नाही. बँडवाले सोडा प्यायला गेले होते. कावळा ओरडला, गाडीचं दार वाजलं.

"पप्पा, शुगरची गोळी घेतली?"

पप्पांच्या आधी कॅमेऱ्यामागून एक दणदणीत आवाज आला, "ड्रायव्हर, थांब रे! गोळी खाऊ दे त्यांना. अगो, पानी कोन देतं?"

मग काहीच नाही. पेल्यात पाणी ओतल्याचा आवाज, पप्पांचा घोट.

आंटी खुर्चीत पुढे सरकली. "परत लाव."

अंकलनी लावलं. परत. आणखी एकदा.

"एवढ्या जोरात वरडले मी?" तिने एमिलीकडे वळून विचारलं. आठ दिवसांतला पहिला शब्द.

"बंदरावर ऐकू गेलं असेल, मम्मी."

आंटी हसली नाही, पण आपली कॅसेट अंकलच्या हातात देत म्हणाली, "इथे हाच आवाज ठेव, वर काय घालू नको."

"अगदीच मोकळं वाटेल, बाय."

"वाटू दे. त्या शेजारनींना परत बोलावते. आता बसा म्हनावं ऐकत."